दत्तप्रसादचा चौथा ठोसा

दत्तप्रसाद पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला हाकलून दिलं होतं. भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. हडपसरला महापालिकेच्या एका शाळेमागे पत्र्याची शेड आहे, तिथं मी संध्याकाळी पोरापोरींना बॉक्सिंग शिकवतो. मी जयसिंग. फौजेत अठरा वर्षं काढली, त्यातली बारा रिंगमध्ये. नाक तीनदा मोडलंय, त्यामुळे आरशात फार बघत नाही. तर हा आला. उंच, काटकुळा, पायात भरतीवाल्या पोरांचे असतात तसे झिजलेले बूट. म्हणाला, सर, मला ठोसा मारायला शिकायचंय. वय विचारलं, तर अठरा पूर्ण. मी म्हटलं, बाळा, माझ्याकडे पोरं दहाव्या वर्षी येतात, तुझ्या वयापर्यंत त्यांचं नाक मोडून जुळूनसुद्धा आलेलं असतं. तू आपला कॅरम खेळ. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा दारात. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मीच कंटाळलो आणि म्हटलं, ये आत, मार खा.

हे मी चेष्टेत म्हटलं नव्हतं. माझ्याकडे तशी रीतच आहे. नव्या माणसानं पहिला महिना एकही ठोसा मारायचा नाही. डोक्याला हेडगार्ड, हातात जाड ग्लोव्हज, कोपऱ्यात उभं राहायचं आणि समोरच्याचे ठोसे अंगावर घ्यायचे. डोळे मिटले की तीन मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. लोक म्हणतात, हा अघोरीपणा आहे. असेल. पण ज्याला मार खायची सवय नाही तो घाबरून मारतो, आणि घाबरून मारणारा कुठं थांबेल ते देवालाही सांगता येत नाही.

दत्ताच्या समोर मी उत्कर्षाला उभं केलं. पोरगी सोळा वर्षांची, त्याच्या खांद्याला लागेल एवढी, आणि हात असा की माझीसुद्धा तिच्यासमोर पॅड धरायची फार इच्छा नसते. पहिल्या दिवशी तिनं त्याचा ओठ फोडला. दुसऱ्या दिवशी बरगड्यांवर असे मोजून ठोसे दिले की तो वाकून शेडबाहेर गेला आणि दुपारचं जेवण गटारात ओकून आला. तोंड धुतलं आणि पुन्हा कोपऱ्यात उभा राहिला. बाकीची पोरं खिदळत होती, पोरीकडून मार खातोय म्हणून. याला त्याचं काही म्हणजे काहीच नव्हतं. मला तेव्हाच खटकलं. अठरा वर्षांच्या पोराला लाज वाटेनाशी होते तेव्हा त्याच्या डोक्यात दुसरंच काहीतरी शिजत असतं.

घरची माणसं साधी. बाप दशरथ वाशीमकडचा, वीस वर्षांपूर्वी पोट भरायला पुण्यात आला आणि एका आयटी पार्कच्या गेटवर सिक्युरिटीत लागला तो अजून तिथंच आहे. आई सुंदराबाई कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते. सातववाडीत दोन खोल्या. दशरथच्या अंगावर वीस वर्षं गणवेश आहे, पण त्या गणवेशाला गेटमधून जाणारं कुत्रंही भीत नाही, हे त्याचं कायमचं दुखणं. म्हणून पोरानं पोलीस व्हायचं, हे त्यानं दत्ता पाळण्यात असताना ठरवलेलं. दत्ता रोज पहाटे कालव्याच्या कडेनं सोळाशे मीटर पळायचा, गोळा फेकायचा, कॉलेजात फक्त हजेरीपुरता जायचा. भरतीच्या जाहिरातीकडे सगळ्या घराचे डोळे लागलेले. असं पोर भरतीचा सराव सोडून माझ्याकडे मार खायला का येतंय, हे मला जानेवारीपर्यंत कळलं नाही.

जानेवारीत एकदा त्याची बहीण त्याचा डबा घेऊन शेडवर आली. मुक्ताई तिचं नाव, दत्ताहून चार वर्षांनी मोठी, लग्नाला दोन वर्षं झालेली, नवरा कर्वेनगरला. मी तिला काहीतरी विचारलं, तर तिनं मान फिरवून उजवा कान माझ्याकडे केला. पुन्हा काही बोललो, पुन्हा तेच. आता मी आयुष्यभर मारच पाहिलाय. कानाचा पडदा कशानं फाटतो ते मला डॉक्टरनं सांगावं लागत नाही. तिच्या हनुवटीखाली पिवळट हिरवा डाग होता, म्हणजे आठ-दहा दिवसांपूर्वीचा. मनगटावर निळा होता, तो परवाचा. ती गेल्यावर मी दत्ताला ग्लोव्हज काढायला लावले आणि म्हटलं, बोल.

त्यानं सांगितलं ते असं. भाऊबीजेला तो ताईकडे गेला होता. ती ओवाळत होती आणि वाऱ्यानं निरांजन विझलं. एवढ्यावरून तिच्या नवऱ्यानं, सुदर्शननं, तिच्या कानाखाली दिली. भावासमोर. ती ताटासकट भिंतीवर आदळली, उठली, कुंकू गोळा केलं आणि पुन्हा वात पेटवली. दत्ता पाटावर बसलेला होता. तो मला म्हणाला, "सर, मी बसूनच राहिलो. तिनं मला ओवाळलं, मी पेढा खाल्ला आणि घरी आलो."

याआधी ती दोनदा माहेरी आली होती, आणि दोन्ही वेळा दशरथनं आठवडाभरात साडी नेसवून परत पाठवली होती. जावयाचं बुधवार पेठेत मोबाइलचं मोठं दुकान, स्वतःचा फ्लॅट, आपली पायरी काय, त्यांची काय, असं त्याचं म्हणणं. मारतात थोडंफार, सगळीकडे मारतात. सुंदराबाई रडायची, पण साडीची घडी तीच करून द्यायची. आणि गंमत म्हणजे मुक्ताई स्वतःही कधी भांडली नाही. निमूट जायची. दत्ताला त्याचाच सगळ्यात जास्त राग होता.

इथं माझं चुकलं. हे मी झाकून ठेवणार नाही. शहाण्या माणसानं त्या पोराला खांद्याला धरून सांगितलं असतं की बाबा, वकील गाठ, पोलीस गाठ, ठोसा हे यावरचं औषध नाही. मी काय केलं? माझं डोकं फिरलं होतं. मी त्याला यकृतावरचा डावा हुक शिकवला. उजव्या बरगडीखाली एक बोटभर जागा असते. तिथं डावा ठोसा नीट बसला की माणूस शुद्धीवर राहतो, पण पाय त्याचं ऐकत नाहीत. श्वास आत जात नाही आणि बाहेर येत नाही. तो बसतोच, मग कितीही धिप्पाड असो. तीन महिने हे पोर रोज बॅगवर त्या एकाच जागी तीनशे ठोसे मारत होतं. बॅगच्या त्या जागेचं कातडं फाटलं, मी ते शिवून आणलं, पुन्हा फाटलं. उशिरा आलेलं पोर, पण असं शिकलं की दहाव्या वर्षी आलेल्यांना घाम फुटावा. एप्रिलमध्ये खराडीच्या एका पोराशी त्याचा सामना लावला, दुसऱ्या फेरीत दत्तानं त्याची भुवई फोडली. रक्त डोळ्यांत उतरलं तरी हा थांबेना, रेफ्रीनं कमरेला मिठी मारून ओढला. मी त्याला एकच नियम घोकून घोकून सांगितला होता. समोरचा खाली बसला की हात खाली. तो दर वेळी मान डोलवायचा.

यंदा अधिक महिना आला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, तीन वर्षांनी येणाऱ्या या महिन्याला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात, आणि त्यात लेक-जावयाला घरी बोलावून मान करायचा असतो. दोघांना शेजारी शेजारी पाटावर बसवायचं, परातीत पाय ठेवून धुवायचे, ओवाळायचं, तेहतीस अनारसे वाण द्यायचे आणि पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. जावई म्हणजे त्या दिवशी देव. दशरथनं सुदर्शनला बोलावलं. त्याला वाटलं, एकदा मनासारखा मान झाला की गडी निवळेल. आणि पाय धुताना पाणी घालायचं काम धाकट्या मेहुण्याकडे, म्हणजे दत्ताकडे आलं.

मी तिथं नव्हतो. पण कुणीतरी नातेवाइकानं मोबाइलवर सगळं टिपलं आणि पुढे तोच व्हिडिओ पोलिसांकडे गेला, म्हणून मी तो चार वेळा पाहिलाय. सुदर्शन पाटावर ऐसपैस बसलाय, शेजारी मुक्ताई अंग चोरून. दत्ता परातीपुढे उकिडवा. सुदर्शन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो की नीट चोळ रे बॉक्सर, ताकद आलीय ना आता हातात. लोक हसतात. दत्ता पाय धुतो, पंच्यानं पुसतो. मग तो मुक्ताईचा पाय धरतो, तर ती मागे घेते. माझे राहू दे म्हणते. सुंदराबाई तिला दटावते, की जोडीनं धुवायचे असतात, असं करू नये. दत्ता तिचा पाय ओढून परातीत ठेवतो आणि साडीचा काठ वर सरकतो.

घोट्याच्या वर पोटरीवर तीन पट्टे होते, एकाखाली एक, उलथण्याच्या रुंदीचे. एक जुना, काळा पडलेला. एक खपली धरलेला. आणि एक ताजा, त्याच्यावर अजून कातडी आली नव्हती. पाणी पडलं तशी ती शहारली. दत्तानं तांब्या खाली ठेवला, पाणी सांडू नये म्हणून कडेला नीट ठेवला, आणि उठला.

पहिला डावा सरळ नाकावर. नाकाचं हाड गेलेलं व्हिडिओत ऐकू येतं. सुदर्शन अर्धवट उठला, त्याला दुसरा उजवा डोळ्यावर. तिसरा तो हुक. बोटभर जागेत. सुदर्शनचं तोंड माशासारखं उघडलं आणि तो होता तसा परातीत बसला, पाणी चहूकडे उडालं, वाणाचं ताट उलटलं. तीन सेकंदांचं काम. खोटं कशाला बोलू, इथपर्यंत पाहताना माझी छाती फुगली होती. माझ्याकडे वर्षानुवर्षं शिकणाऱ्या पोरांनाही इतकं स्वच्छ जमत नाही.

मग चौथा. समोरचा बसलेला, हात खाली पडलेले, श्वास शोधतोय, नाकातून रक्ताची धार लागलीय. आणि दत्तानं उजवा हात पार खांद्यामागं नेला आणि बसल्या माणसाच्या जबड्यावर हाणला. बायका किंचाळत होत्या, त्यातूनही तो आवाज वेगळा कळतो. जबडा दोन ठिकाणी मोडला. दोन दात अनारशांत जाऊन पडले. चुलते-मावसे धावले, चौघांनी दत्ताला भिंतीला दाबून धरलं. मुक्ताईनं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, पदर त्याच्या तोंडाला लावला आणि भावाकडे बघून म्हणाली, "काय करून बसलास हे? आता कशाला राहिले मी इतके दिवस?" सगळ्यांना वाटलं, कुंकवाचा धनी म्हणून नवऱ्यासाठी बोलतेय. मलाही तसंच वाटलं आणि मला तिचा राग आला.

गंभीर दुखापतीचा गुन्हा दाखल झाला. दत्ता कोठडीत गेला, दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटला आणि घरी न जाता थेट शेडवर आला. मी त्याच्या थोबाडीत दिली. चौथ्यासाठी. पहिल्या तिन्हींसाठी नाही. उजव्या हाताची करंगळी सुजून आडवी झाली होती, ती बांधून दिली. पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणी असते आणि अंगावर मारहाणीची केस असलेल्या पोराला खाकी कोण देणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. 

तीन आठवड्यांनी बैठक बसली. सुदर्शनचा मामा उत्तरेश्वर कर्वेनगरलाच राहतो, त्याच्या फ्लॅटवर. अशा गोष्टी कोर्टात न्यायच्या नसतात, दोन्हीकडच्या चार माणसांनी बसून मिटवायच्या असतात, ही यांची पद्धत. दशरथनं मला हातापाया पडून सोबत नेलं. सुदर्शन कोचावर, जबडा तारेनं बांधलेला, स्ट्रॉनं नारळपाणी ओढत. बोलता येत नव्हतं म्हणून मोबाइलवर लिहून मामाला दाखवत होता. उत्तरेश्वर मोठा गोड माणूस. प्रत्येक वाक्यात आपण. आपण सुशिक्षित माणसं आहोत, आपल्या मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे, आमच्या सुदर्शनचं मन मोठं आहे. त्या मोठ्या मनाच्या अटी दोन. मुक्ताई त्या दिवसापासून माहेरीच होती, तिनं आजच नांदायला यायचं. दत्तानं पाय धरून माफी मागायची आणि कागदावर सही करायची. मग तक्रार मागे घेतली जाईल, पोराची भरती सुखरूप.

कुणी काही विचारायच्या आत दशरथनं हो म्हटलं. मुक्ताई दाराशी बसली होती आणि तिच्या शेजारी तिची बॅग होती, भरलेली. ती ठरवूनच आली होती. तिच्या पोटरीवरचा तिसरा पट्टा चिघळून अजून ओला होता, चालताना ती पाय ओढत होती. मी तोंड उघडणार होतो, पण खरं सांगू, मलाही ती भरती दिसत होती. मी मूग गिळून बसलो.

उत्तरेश्वरनं दत्तापुढे कागद सरकवला, पेन उघडून हातात दिलं. दत्तानं कागद पूर्ण वाचला. मग पेनाचं टोपण लावलं, कागदावर ठेवलं आणि म्हणाला, "तक्रार मागे घेऊ नका. मी मारलं. खाली बसलेल्या माणसाला मारलं. कोर्टात विचारतील तेव्हा हेच सांगेन."

उत्तरेश्वर हसून म्हणाला, की बाळ, आपल्याला कळतंय का आपण काय बोलताय. दत्तानं त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो बहिणीकडे वळला आणि उजव्या बाजूनं, तिला नीट ऐकू जाईल असा, म्हणाला, "ताई, मी भरतीला उभा राहणार नाही. आता तुला तिथं जायचं काही कारण नाही."

दशरथ उठला आणि पोराला मारत सुटला. चपलेनं, हातानं, मग कोपऱ्यातली छत्री उचलून. वीस वर्षांची नोकरी, अठरा वर्षांचं स्वप्न, सगळं त्या मारण्यात होतं. वाटोळं केलंस, माझ्या म्हातारपणाचं वाटोळं केलंस, असं म्हणत तो मारत होता आणि स्वतःच हमसून रडत होता. दत्ता सरळ उभा. हात मांडीला लावलेले. ओठ फुटला, भुवईवरून रक्त निघालं, छत्रीची काडी मोडली. मी मधे पडायला उठलो तर त्यानं मानेनंच मला नको म्हटलं. शेवटी दशरथचाच हात थकला आणि तो फरशीवर बसून राहिला. सुदर्शन स्ट्रॉ तोंडात धरून बघत होता.

मुक्ताई उठली, बॅग उचलली. उत्तरेश्वरच्या बायकोला वाटलं सून नांदायला निघाली, ती लगबगीनं हळदीकुंकू घेऊन आली. मुक्ताई तिच्या बाजूनं निघून माझ्यासमोर आली आणि विचारलं, की सर, मला पोलीस चौकीवर सोडाल का. मी स्कूटरची किल्ली काढली. 

चौकीवर एक हवालदार बाई होत्या, वयस्क, कामाला कंटाळलेल्या. मागून रिक्षानं दत्ता आला आणि रक्ताळलेला रुमाल तोंडाला धरून दाराशी थांबला. मुक्ताईनं खुर्चीत बसून साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली. बाईंनी पाहिलं, चष्मा नीट केला, पुन्हा पाहिलं. कधीपासून म्हणून विचारलं. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून, ती म्हणाली. कान कधी गेला, बोट कधी मोडलं, तिनं एकेक तारीख सांगितली, सगळ्या पाठ होत्या. बाईंचा आवाज चढला. दोन वर्षं, आणि चांगली शहाणीसुरती मुलगी तू, मग आजवर तक्रार करायला काय झालं होतं, असं त्या जवळजवळ ओरडल्याच.

"हे म्हणायचे, तक्रार केलीस तर तुझ्या भावाला खोट्या केसमध्ये गोवीन, मग बघतो तो पोलीस कसा होतो," मुक्ताई म्हणाली. "आता तो पोलीस होत नाही. तुम्ही लिहून घ्या."

बाईंनी दाराकडे एकदा पाहिलं, कोरा कागद पुढे ओढला आणि तिचं पूर्ण नाव विचारलं.